अडुसष्ट दगड आणि दोघी बहिणी

१८४५च्या जूनअखेरीस इंग्लंडात दोघी बहिणी रेल्वेनं यॉर्कला निघाल्या होत्या. एमिली ब्राँटे २६ वर्षांची, ॲन २५ वर्षांची. त्या काळी या वयाच्या बिनलग्नाच्या मुली म्हणजे लोकांच्या लेखी घोडनवऱ्याच. अख्खा प्रवास या दोघींनी काय केलं, तर ‘गोंडल’ नावाच्या आपणच रचलेल्या राज्यातली पात्रं होऊन त्या बोलत राहिल्या. ‘शिक्षणाच्या महालां’तून निसटून राजाच्या बाजूनं लढायला निघालेली तरणी पोरं. पुढच्या महिन्यात एमिलीनं हे सगळं एका कागदावर टिपून ठेवलं, म्हणून आपल्याला ते कळतं. त्यानंतर अडीच वर्षांच्या आत तिची ‘वदरिंग हाइट्स’ ही कादंबरी छापून आली.

मी आणि माझी धाकटी बहीण सोलापूर-पुणे गाडीत हेच करतो. फक्त आवाज हळू ठेवतो, कारण समोरच्या बाकावरचे लोक शेंगाचटणीचा डबा उघडून आमचंच ऐकत असतात. “तो मेला तर पुढं कसं होणार?” असं एक बाई दुसरीला विचारते म्हटल्यावर कोण ऐकणार नाही!

मी सोलापूरच्या पूर्व भागात राहते आणि घरी डीटीपीचं काम करते. लग्नपत्रिका, प्रबंध, स्मरणिका, कवितासंग्रह, जे येईल ते. धाकटी पुण्यात एका कंपनीत नोकरीला आहे. दोघी मिळून आम्ही किशोरवयीन मुलांसाठी एक फँटसी कादंबरी लिहितो आहोत. हे सांगितलं की लोक दोनच प्रश्न विचारतात: यातलं कोणी काय लिहिलं, आणि भांडणं होत नाहीत का? दुसऱ्याचं उत्तर सोपं आहे. होतात. पहिल्याचं उत्तर देता यावं म्हणून मी आमच्याआधी हे कोणी केलं होतं त्याचा माग काढला, आणि फिरून फिरून ब्राँटे बहिणींपाशीच आले.

त्यांची गोष्ट सुरू होते १८२६ साली. वडील हॉवर्थ या गावात धर्मोपदेशक. ते लीड्सहून मुलासाठी, ब्रॅनवेलसाठी, लाकडी शिपायांचा संच घेऊन आले. चौघा भावंडांनी एकेक शिपाई उचलला, त्याला नाव दिलं, आणि या शिपायांचं राज्य उभं राहिलं. मग शिपायांना वाचायला काहीतरी हवं म्हणून थोरली बहीण शार्लट आणि ब्रॅनवेल यांनी शिपायांच्याच मापाची पुस्तकं केली. काड्यापेटीएवढी पानं, त्यावर छापील अक्षरांसारखं दिसणारं किडमिडं हस्ताक्षर, शिवलेला कणा. त्यातल्या मासिकांना मुखपृष्ठ होतं, अनुक्रमणिका होती, मागच्या पानावर खोट्या जाहिरातीही होत्या! माझ्यासारख्या अक्षरजुळणी करणाऱ्या बाईला यातलं सगळ्यात जास्त काय भावत असेल, तर या जाहिराती. दहा-बारा वर्षांच्या पोरांना नुसती गोष्ट लिहायची नव्हती, त्यांना ‘प्रकाशन’ करायचं होतं. शार्लटनं १८३० साली केलेलं असं एक चिमुकलं मासिक २०१९मध्ये पॅरिसच्या लिलावात निघालं, तेव्हा ब्राँटे सोसायटीनं लोकवर्गणीची मदत घेऊन सहा लाख युरोंच्या बोलीला ते सोडवलं आणि हॉवर्थच्या घरी परत नेलं.

१८३१ साली शार्लट शाळेला बाहेरगावी गेली आणि धाकट्या दोघींनी वाटणी मागितली. मोठ्यांच्या राज्यात त्यांना फारसं कोणी विचारत नसणार, घरोघरी तेच. एमिली आणि ॲननं उत्तर पॅसिफिक महासागरात गोंडल नावाचं बेट वसवलं आणि ते पुढं चौदा-पंधरा वर्षं चालवलं. तिकडे शार्लट आणि ब्रॅनवेलचं राज्य ‘अँग्रिया’ नावानं वाढत राहिलं. म्हणजे एका घरात दोन राज्यं, दोन-दोन लेखक.

आता खरी गंमत. १८४५च्या शरद ऋतूत शार्लटच्या हाती एमिलीची कवितांची वही लागली. तिनं न विचारता वाचली. एमिली भडकली, तिचा राग उतरायला काही तास लागले आणि कविता छापायला तिची समजूत घालायला कित्येक दिवस गेले. शेवटी तिघींनी मिळून संग्रह काढायचं ठरलं. पण त्या कवितांपैकी पुष्कळ गोंडलच्या होत्या. कैदेतली राणी, मारेकरी, परागंदा सरदार, हे सगळे तिथं नावानिशी बोलत होते. छापण्यापूर्वी ती नावं काढून टाकली. गोंडलच्या खुणा पुसल्या आणि राहिल्या त्या विरहाच्या, मृत्यूच्या, वाऱ्यावादळाच्या ‘प्रौढ’ कविता. गोंडलच्या गद्य गोष्टी तर आज कुठंच सापडत नाहीत.

मला हे वाचून वाईट वाटलं आणि थोडा रागही आला. बहिणींनी मिळून रचलेली, जगातली बहुधा सगळ्यात नावाजलेली फँटसी. आणि पुस्तक निघायची वेळ आली तेव्हा पहिली कात्री तिलाच लागली. लाज वाटली असेल का? मोठ्या वयाच्या बायकांनी अजून खेळत बसावं याची? अभ्यासक काही म्हणोत, मला तसंच वाटतं.

मे १८४६मध्ये तो संग्रह लंडनच्या एयलॉट अँड जोन्सनं काढला, पण खर्च बहिणींनी केला: ३१ पौंड १० शिलिंग आगाऊ, वर जाहिरातीचे वेगळे. मावशी मरताना थोडे पैसे ठेवून गेली होती, त्यातले. वर नावं करर, एलिस आणि ॲक्टन बेल; आद्याक्षरं आपापली, पण बाई की पुरुष ते कळू नये अशी. एमिली आणि ॲनच्या २१-२१ कविता, शार्लटच्या १९. पहिल्या वर्षात प्रती खपल्या दोन. हो, दोन. कवितासंग्रह घेऊन माझ्याकडे येणाऱ्या दर माणसाला मी हा आकडा सांगते. कोणी परत फिरत नाही, उलट खूश होतात.

तिघी लिहायच्या कशा, हे त्यांच्या मोलकरणीनं चरित्रकार एलिझाबेथ गॅस्केलला सांगितलं होतं. रात्री नऊच्या सुमाराला शिवणटिपण आवरायचं आणि जेवणाच्या टेबलाभोवती येरझाऱ्या घालत आपापल्या कादंबऱ्यांची चर्चा करायची, अकरापर्यंत. ‘जेन एअर’, ‘वदरिंग हाइट्स’ आणि ‘ॲग्नेस ग्रे’ या तिन्ही १८४७मध्ये आल्या, आणि तिन्हींची तालीम त्या टेबलाभोवती झाली. पण लिहायला मात्र जी-ती एकटी बसली. एका वाक्यात दोघींचे हात नाहीत. जग सामाईक, धीर सामाईक, वाक्य ज्याचं त्याचं. आमचं घोडं अडलं होतं तेव्हा ही एक गोष्ट माझ्या फार कामी आली.

मराठीत अशी जोडी शोधायला गेलं तर हाताशी येतात त्या इरावती कर्व्यांच्या लेकी, जाई निंबकर आणि गौरी देशपांडे. दोघी लेखिका, दोघी कसलेल्या. पण जाईंनी कादंबऱ्या लिहिल्या त्या मुख्यतः इंग्रजीत, आणि गौरीताईंचं नाव झालं ते मराठीत. जाईंनी फलटणला जोडीनं पुस्तकं केली ती मॅक्सीन बर्नसन यांच्याबरोबर, तीही मराठी भाषा शिकवणारी आणि तिचं व्याकरण सांगणारी. गौरीताईंनी रिचर्ड बर्टनच्या अरेबियन नाइट्सचे सोळा खंड मराठीत आणले. जिन, गालिचे आणि हजार रात्रींचं एवढं मोठं काम एकटीनं ओढलं. दोघी मिळून एखादी अद्भुत कादंबरी लिहित्या तर काय बहार आली असती, पण नाही लिहिली. सख्ख्या बहिणी असणं आणि एकत्र लिहिता येणं यांचा एकमेकांशी फारसा संबंध नसावा.

तसं अद्भुत आपल्याला नवं नाही. नाथमाधवांची ‘वीरधवल’ १९१३ची. ‘चांदोबा’तला विक्रम-वेताळ तर आमच्या गल्लीतल्या रद्दीवाल्याकडेही मिळायचा. पण बारा ते सोळा या वयासाठी, स्वतःचा नकाशा आणि स्वतःचे नियम असलेलं सबंध जग मराठीतच उभं करणाऱ्या कादंबऱ्या कमी. त्या वयाची मुलं हॅरी पॉटरकडे जातात; मराठीतला हॅरी पॉटरही भोपाळच्या मंजुल प्रकाशनानं दिला. पुढं ती मुलं थेट इंग्रजी वाचू लागतात आणि परत येत नाहीत.

आमचं जग अम्माच्या सुपात सुरू झालं. अम्मा विड्या वळायची. मांडीवर सूप, सुपात तंबाखू आणि साच्याला लावून कापलेली पानं. हात चालू असायचे, त्यामुळे तोंड मोकळं. ती मार्कंडेयाची गोष्ट सांगायची: सोळाव्या वर्षी मरण लिहिलेला पोरगा. आम्हा पद्मशाली लोकांचा तो मूळपुरुष, नारळी पौर्णिमेला त्याचा रथ निघतो. आणि सांगायची कुंभाराच्या लेकीची गोष्ट. बाराव्या शतकात सिद्धराम नावाचा योगी इथं होऊन गेला, त्याच्याशीच लग्न करायचा तिनं हट्ट धरला, आणि शेवटी तिचं लग्न त्याच्या योगदंडाशी लागलं. संक्रांतीच्या गड्ड्याच्या यात्रेत आजही ते लग्न लागतं, अक्षता पडतात. सात उंचच उंच नंदीध्वज कमरेच्या पट्ट्यावर तोलत माणसं गावभर फिरतात, आणि सिद्धरामानं शहराभोवती स्थापलेल्या ६८ लिंगांना तेल वाहतात. अडुसष्ट ठिकाणं, एक वेढा, मध्ये तलाव आणि भुईकोट किल्ला. नकाशा म्हणून याहून तयार माल कुणाला मिळणार? टॉल्किनला सगळं कागदावर काढावं लागलं. आम्हाला रिक्षानं फिरून बघता येतं.

देवाधर्माला धक्का न लावता आम्ही एक वेगळंच शहर केलं. त्याच्याभोवती ६८ दगड. प्रत्येक दगडात एक आवाज अडकलेला, कारण शहरातल्या जुन्या गिरणीच्या भोंग्यानं ते आवाज गिळले आणि तिथं नेऊन कोंडले. चौदा वर्षांची भानू एकेक आवाज सोडवत जाते. पण दर आवाजामागं तिला स्वतःची एक आठवण दगडाला द्यावी लागते.

फँटसीत काय, काहीही चालतं, असं पुष्कळांना वाटतं. तिथं तर सगळ्यात कमी चालतं. वास्तववादी कादंबरीत नायिकेनं चहा केला तर वाचक विचारत नाही की गॅस कुठून आला. इथं विचारतो. जादू फुकट असली की गोष्टीतली भीती संपते, म्हणून जादूची किंमत ठरवावी लागते आणि ती दर वेळी वसूल करावी लागते. हे खातं धाकटी सांभाळते. तिच्याकडे एक्सेलची शीट आहे: दगड कितवा, आवाज कुणाचा, भानूनं काय दिलं. भानू ३१व्या दगडापाशी आईच्या हातच्या कडक भाकरीची चव देऊन बसते. पुढं कितीतरी प्रकरणांनंतर मी सहज लिहिलं की भाकरीचा वास आला आणि तिला घर आठवलं. रात्री साडेअकराला फोन. “अक्का, तिला ती चव आठवूच शकत नाही. ३१ बघ.” मी म्हटलं, वास वेगळा, चव वेगळी. त्यावर अर्धा तास. शेवटी भानूला वास येतो पण काही आठवत नाही, आणि आठवत का नाही हे तिला कळत नाही, असं लिहिलं. सबंध प्रकरणात तेवढंच चांगलं झालंय असं माझं मत आहे, आणि ते दोघींपैकी एकीला एकटीला सुचलं नसतं.

कामाची वाटणी आपोआप झाली. जगाचे कायदे आणि घटनांचा क्रम तिचा, वाक्यं माझी. ती व्हॉट्सॲपवर बोलून पाठवते, मी लिहिते, ती वाचते आणि लाल करते. रशियातले स्ट्रुगात्स्की बंधू एकत्र बसून प्रत्येक वाक्य मोठ्यानं म्हणत, दोघांना पटलं की मग कागदावर. आम्ही तसं केलं असतं तर एव्हाना एकमेकींशी बोलत नसतो.

भाषेचा वाद मात्र मिटत नाही. आमच्या घरात तेलुगू, शाळेत मराठी, बाजारात कानडी कानावर, आणि गल्लीतल्या पोरांचं “काय बे, कुठं चाललास” वेगळंच. धाकटीला पात्रं सोलापुरीतच बोलायला हवीत. मला भीती की चंद्रपूरच्या पोरीला ते अडेल. मग ती मारुती चितमपल्लींचं नाव काढते. सोलापुरात तेलुगूभाषक घरात जन्मलेला माणूस, अरण्यातले शब्द वेचून मराठीत आणले, २००६ साली इथल्याच साहित्य संमेलनाचा अध्यक्ष झाला; वाचकांना अडलं का? निरुत्तर व्हायला होतं. भानूची आजी आता तेलुगूत शिव्या देते. सौम्य.

आता व्यवहार, कारण जोडीनं लिहिणाऱ्यांना हे कोणी सांगत नाही. १९५७च्या कॉपीराइट कायद्यात संयुक्त लेखनाची व्याख्या आहे: ज्यात एकाचा वाटा दुसऱ्याच्या वाट्यापासून वेगळा काढता येत नाही अशी कृती. म्हणजे “कोणी काय लिहिलं” या प्रश्नाला उत्तर नसणं हीच त्यातली अट. अशा पुस्तकावरचा हक्क शेवटचा लेखक गेल्यानंतर ६० वर्षं टिकतो. माझ्याहून धाकटी लहान, म्हणून हिशेब तिच्यापासून सुरू होणार असं मी धरून चालते. ती म्हणते, चटणी कमी खा, मग बघू. प्रकाशकाशी करार लेखी हवा. त्यात मुदत लिहिली नसेल तर कायदा पाच वर्षं धरतो, प्रदेश लिहिला नसेल तर फक्त भारत. आणि प्रकाशकाच्या आधी आपापसात एक कागद हवा. मानधनाची वाटणी, नावांचा क्रम, दुसरा भाग एकीलाच लिहावासा वाटला तर काय, श्राव्य पुस्तकाला किंवा मालिकेला हो म्हणायचं कुणी. सख्ख्या बहिणींत कसला कागद, असं नातेवाईक म्हणाले. शेताच्या बांधावरून कोर्टात गेलेले सख्खे भाऊ याच नातेवाइकांत आहेत.

एका प्रकाशकानं हस्तलिखित आवडल्याचं कळवलं, पण कव्हरवर एकच नाव ठेवा म्हणाला. दोन नावांना दुकानात उठाव नसतो म्हणे. ब्राँटेंचं उलटं झालं होतं. तिघी ‘बेल’ म्हणजे एकच माणूस, अशी आवई त्यांच्यातल्या दोघींच्या प्रकाशकानं उठवली, शार्लटचं यश सगळ्यांच्या नावावर खपवायला. १८४८च्या जुलैत शार्लट आणि ॲन रात्रीच्या गाडीनं लंडनला गेल्या आणि शार्लटच्या प्रकाशकासमोर जाऊन उभ्या राहिल्या: मोजून घ्या, आम्ही वेगवेगळ्या आहोत. एमिली गेलीच नाही. आम्ही त्या प्रकाशकाला नाही म्हटलं. आता स्वतःच छापणार.

स्वतः छापणं वाटतं तितकं अवघड नाही. आयएसबीएन क्रमांक दिल्लीच्या राजा राममोहन रॉय संस्थेकडून मिळतो, पैसे पडत नाहीत. १९५४च्या कायद्यानं पुस्तक निघाल्यापासून तीस दिवसांत एक प्रत कोलकात्याच्या राष्ट्रीय ग्रंथालयाला आणि एकेक मुंबई, चेन्नई, दिल्लीच्या ठरलेल्या ग्रंथालयांना पाठवायची असते. म्हणजे सोलापुरात कुणी घेतलं नाही तरी चार शहरांत भानू फळीवर बसणार.

अवघड आहे ते माझ्या टेबलावरचं. धाकटी युनिकोडमध्ये टाइप करते, छापखान्याला श्री-लिपी लागते, आणि बदलताना ‘सूर्य’मधला रफार आणि ‘दुसऱ्या’मधला अर्धा ‘र’ इकडेतिकडे उड्या मारतात. नकाशा दोन पानांवर पसरून लावला तर मधले तीन दगड शिवणीत गडप होतात. तो आता एकाच पानावर आडवा घेतलाय. पानं सोळा-सोळाच्या फॉर्मात बसवायची. आमचा मजकूर संपतो १८३व्या पानावर, म्हणजे बारा फॉर्म, १९२ पानं, नऊ पानं कोरी. १९२ पानांचा कणा साधारण एक सेंटिमीटर. त्यावर पुस्तकाचं नाव आणि दोन लेखिकांची दोन नावं घातली की अक्षर मुंगीएवढं होतं. मी धाकटीला म्हटलं, आडनाव एकदाच घेऊ. ती म्हणाली, नको, कणा जाड कर. कोरी पानं भरून वर आणखी एक फॉर्म वाढवायचा, पंचवीस पानं ती देते, आणि शीटप्रमाणे ४७व्या दगडातला आवाज अजून सुटलेलाच नाही.